भानुदास मिस्त्रींना न सापडलेला पार्ट

भानुदास मिस्त्रींचा कुणावरही विश्वास नव्हता आणि हे ते लपवतही नसत. गाडी घेऊन आलेल्या माणसाला ते आधी स्टुलावर बसवत, स्वतः समोर उभे राहत आणि म्हणत, "खरं काय झालं ते सांगा. नंतर मला कळनारच हाय." बॉनेट उघडायच्या आधी ही चौकशी पंधरा-वीस मिनिटं चाले. काही लोक चिडून निघून जात. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे. निघून गेलेला माणूस नक्की काहीतरी लपवत होता, अशीच त्यांची खात्री होई.

केडगावला पुणे रोडच्या कडेला, टायरच्या एका दुकानामागे त्यांची पत्र्याची शेड होती. तिच्यावर पाटी नव्हती. पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक आपलं नसतं, असं ते म्हणत. एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात त्यांची सगळी नोकरी गेलेली. तिथे टायर, बॅटऱ्या, डिझेल कुठून कसं बाहेर जातं हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं, की पुढे त्यांना सगळं जगच त्या कारखान्याच्या गेटसारखं दिसू लागलं असावं. हाताखाली त्यांनी कधी कुणाला ठेवलं नाही. बारीक अंगाचे, पांढरी मिशी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि लोहचुंबकाचा एक तुकडा. ऐकताना मान किंचित वाकडी करून ते डोळे बारीक करत, तेव्हा समोरच्याला उगाचच आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागे.

आमच्या आप्पांची पांढरी गाडी त्यांच्याकडे गेली ती दुसऱ्या कुणालाच तिचा दोष सापडला नाही म्हणून. आप्पा म्हणजे माझे वडील. भूमी अभिलेख खात्यात ते सर्व्हेअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पारनेर आणि नगर तालुक्यातली गावागावांची शीव न् शीव त्यांच्या डोक्यात होती. कोणत्या गावच्या कोणत्या बांधावर कडुनिंब आहे हेसुद्धा ते सांगत. गाडी त्यांनी नोकरीत असतानाच घेतली होती. कार्ब्युरेटरची, जुन्या धाटणीची. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. दर शनिवारी आईला घेऊन ते हिवरे बाजारला त्यांच्या एका मित्राकडे जात, येताना दूध आणि भाजी आणत. आई-आप्पा सावेडीत आपल्या घरात राहत, मी आणि माझा नवरा दोन गल्ल्या पलीकडे.

गाडी अर्धा तास नीट चाले आणि मग कल्याण रोडवर कुठेतरी, आचके देऊन बंद पडे. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. शहरात तीन जणांनी पाहिली. एकाने पेट्रोल पंप बदलला, दुसऱ्याने कॉइल बदलली, तिसऱ्याने गाडी विका म्हणून सांगितलं.

मिस्त्रींनी आप्पांची चौकशी केली आणि मग ते आईकडे वळले. आप्पांना त्यांनी शेडच्या बाहेर जायला सांगितलं. मी शिक्षिका असल्यामुळे असली वेगवेगळी चौकशी मला ओळखीची होती. दोन पोरांनी एकमेकांची गणितं पाहून लिहिली असली की मीही हेच करते. गाडी बंद पडल्यावर साहेब काय काय करतात, ते क्रमाने सांगा, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, काही नाही, खाली उतरतात, पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडतात, लावतात, परत येऊन बसतात.

मिस्त्री गाडीच्या मागे गेले आणि टाकीचं झाकण काढून उजेडात धरलं. मग आम्हाला बोलावलं. टाकीतलं पेट्रोल इंजिन ओढून घेतं तेव्हा तेवढी हवा आत जावी लागते, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. याला ते नव्हतं. "बाटली तोंडाला लावून ओढत ऱ्हायलं तर बाटली ओठाला धरून ठेवती ना, तसं चाललंय," ते म्हणाले. "हे झाकन ह्या गाडीचं न्हाई."

आप्पा म्हणाले, कंपनीचंच आहे. मिस्त्री म्हणाले, न्हाई. मग आप्पा म्हणाले की पंपावरच्या माणसाने बदललं असेल. मिस्त्रींनी मान वाकडी करून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि, त्यांच्या स्वभावाला सोडून, पुढे काहीच विचारलं नाही. खरं झाकण त्यांनी पंधरा दिवसांनी भंगारातल्या एका गाडीवरून आणून बसवलं. हिवरे बाजारच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्यानंतर आम्ही त्यांच्याकडे जातच राहिलो. जुनी गाडी ठेवायची म्हणजे एक मिस्त्री ठेवायचा, आणि भानुदास मिस्त्रींना ठेवायचं म्हणजे त्यांचा संशयही ठेवायचा. पार्ट आणणं हा त्यांचा वेगळाच विधी होता. दुकानदाराने खोका दिला की ते आधी खोक्याच्या घड्या तपासत, एकदा उघडून पुन्हा चिकटवलेला तर नाही ना म्हणून. मग वस्तूला चुंबक लावून बघत, रबर असेल तर नखाने दाबून नाकाशी धरत. "खोका खराय, आतला माल खोटाय," हे त्यांचं नेहमीचं निदान. एक ऑइल फिल्टर त्यांनी एकाच दुकानात तीनदा परत केलेला मी पाहिला आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तू ते हातात घ्यायलाच तयार नसत. पाठवणाऱ्याचं तोंड दिसत नाही, मग काय बघायचं, असं विचारत.

पण तोच न्याय ते स्वतःलाही लावत. काम करताना मालकाने समोर बसलंच पाहिजे. काढलेला जुना पार्ट कागदात गुंडाळून ते त्याच्या हातात देत. "घरी न्या. माझ्यावर पन विश्वास ठिवू नका." आई-आप्पांच्या पोर्चमध्ये अशा गुंडाळ्यांचं एक खोकं भरलं होतं आणि आई त्यावरून रोज काहीतरी बोलत असे.

एकदा मी तिथे असताना एक गृहस्थ वायरिंगची तक्रार घेऊन आले. मोठी गाडी, थोड्याच दिवसांपूर्वी जुनी म्हणून घेतलेली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की गाडी कधी पाण्यात गेलेली नाही. मिस्त्रींनी वायरीला हातही लावला नाही. मागच्या सीटखालचा गालिचा उचलून कोपऱ्यात बोटं फिरवली आणि वाळलेली एक गोगलगाय काढून त्या गृहस्थांच्या तळहातावर ठेवली. म्हणाले, ही काय चालत आली न्हाई. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो गाडी दुरुस्त झाल्यावर मला कधी दिसला नाही.

मला ते आवडत होते असं मी म्हणणार नाही. वर्गात मी पोरांना सांगते की आधी माणसावर विश्वास ठेवा. हा माणूस त्याच्या बरोबर उलट होता, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरत होता.

मग रेडिएटरचं प्रकरण झालं. गाडी गरम होते म्हणून आप्पांनी ती केडगावला नेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला फोन करून एकटीला बोलावलं. रेडिएटरच्या पाण्यात ऑइल होतं. इंजिनाच्या आतलं गॅस्केट गेलं की असं होतं, पण तेव्हा आतून येणारं ऑइल काळं असतं. हे कोरं होतं, डब्यातून काढल्यासारखं सोनेरी. "कुनीतरी वरून वतलंय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरात साहेबांशी कुनाचं वाकडं हाय का?"

मला इतका राग आला की मी शाळेच्या आवाजात बोलले. आमच्या घरात तिघंच माणसं गाडीजवळ जातात, आई, मी आणि आप्पा. तुम्ही कुणावर संशय घेताय हे तुम्हाला कळतंय का, असं मी विचारलं. ते फक्त मान वाकडी करून तिघं, तिघं असं दोनदा पुटपुटले. परत येताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं की ते ऑइल यांनीच तर ओतलं नसेल? काम काढण्यासाठी मिस्त्री लोक काय काय करतात हे आपण ऐकलेलं असतंच. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः किती सरळ आहे, हे कुणी तपासलं होतं?

त्या खेपेला गाडी घरी आलीच नाही. रेडिएटर साफ झाला, पण मिस्त्रींनी सांगितलं की डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग, तडकला आहे. या मॉडेलचा नगरमध्ये मिळत नाही, शोधावा लागेल. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. आप्पा रोज फोन करत. मिस्त्री सांगत की पुण्याला विचारलं, सोलापूरला विचारलं, एक मिळाला पण डुप्लिकेट निघाला. आप्पा रिक्षाने केडगावला जाऊन गाडीत नुसते बसून येऊ लागले. शनिवारी सकाळी ते कपडे करून पोर्चमध्ये येत आणि रिकामी जागा बघून आत जात.

अडीच महिने झाले. या खेपेला त्यांनी तडकलेला जुना पार्ट आम्हाला दिला नव्हता, हे माझ्या लक्षात होतं. त्यातच आमच्या शाळेतल्या एका बाईंनी स्टाफरूममध्ये सहज विचारलं, की तुमच्या वडिलांची गाडी दुरुस्त झाली वाटतं. मंगळवारी पुणे रोडवर चासजवळ पाहिली, कुणी मिशीवाला माणूस एकटाच चालवत होता. ठिणगी न मिळणारी गाडी चासपर्यंत कशी जाते? मी घरी काही बोलले नाही. पण माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. म्हाताऱ्या माणसाची गाडी अडकवून ठेवायची, स्वतः वापरायची, एकेक चांगला पार्ट काढून दुसरीकडे लावायचा आणि कंटाळून मालक विकायला तयार झाला की आपणच घ्यायची.

त्या महिन्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला पुण्याला जायचं होतं. दुपारच्या सुटीत मी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेले. मॉडेलचं नाव सांगितल्यावर तिसऱ्याच दुकानात दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ भरलेला खोका काढून दिला. अर्धा तासही लागला नाही. परतीच्या बसमध्ये तो खोका मांडीवर ठेवून मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. पुराव्यासह पकडल्यावर माणसाला जो एक विचित्र आनंद होतो, तो मला होत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट केडगावला गेले. शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. आमची गाडी मागे स्वच्छ पुसून उभी होती. मी खोका त्यांच्या बाकावर ठेवला आणि सांगितलं की पार्ट मिळतो, मला अर्ध्या तासात मिळाला.

मिस्त्रींनी खोक्याच्या घड्या पाहिल्या. आतली वस्तू काढली, चुंबक लावला, वर्तुळाकार तोंडाच्या आतून बोट फिरवलं. त्या क्षणीही त्यांना ते केल्याशिवाय राहवलं नाही.

"असली हाय," ते म्हणाले. मग खोका बंद करून माझ्याकडे सरकवला. "पन लागनार न्हाई. गाडीचा चांगलाय. कदी तडकलाच न्हवता."

मी स्टुलावर बसले. त्या स्टुलावर मी त्याआधी कधी बसले नव्हते. पुढचं त्यांनी उभ्यानेच आणि तुकड्या-तुकड्याने सांगितलं. गाडी ठेवून घ्यायच्या आधीच्या दोन महिन्यांत मागचे ब्रेक त्यांनी दोनदा बदलले होते, दोन्ही वेळा जळालेले. हँडब्रेक ओढलेला असताना कुणीतरी गाडी मैलोन्मैल चालवत होतं. क्लच प्लेटचं तेच. डाव्या दारावर एकाच उंचीवर चार ओरखडे होते, वेगवेगळ्या दिवसांचे. टाकीचं झाकण पंपावर कुणी बदललं नव्हतं. आप्पांनी ते टपावर ठेवून गाडी तशीच हाकली होती, हरवल्यावर दुसरं मिळेल ते आणून लावलं होतं आणि ते आईला कळू दिलं नव्हतं. आणि ऑइल. घरात तिघंच आहेत असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी आईला वगळलं, मला वगळलं. उरले आप्पा.

हे सगळं गाडीवरून कळलेलं. पण ऑइलवरून मी भांडून गेले त्याच दिवशी, रेडिएटर साफ झाल्यावर, संध्याकाळी आप्पा रिक्षाने शेडवर आले होते, गाडी न्यायला. मिस्त्रींनी किल्ली दिली. आप्पा गाडीत बसले, काच खाली केली आणि त्यांनी विचारलं की सावेडीला कुठून जायचं. मिस्त्रींना वाटलं गंमत करताहेत. पण ते वाट बघत बसले होते. ज्या माणसाने दोन अख्खे तालुके साखळी लावून मोजले, त्याने हे विचारलं. मिस्त्री त्यांना शेजारच्या सीटवर बसवून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले, आणि गाडी परत केडगावला घेऊन गेले. वाटेत आप्पांना सगळं आठवलं आणि ते रडले.

"मला म्हनले, पोरीला सांगू नका, गाडी काडून घेतील," मिस्त्री म्हणाले. "मी शब्द दिला. सांगनार न्हाई म्हनून. गाडी परत देईन असा काय शब्द दिला न्हवता."

मी विचारलं, मग गाडी चासला कशी गेली. उभी राहिली की मरते म्हणून आठवड्यातून एकदा तिथपर्यंत नेऊन आणतो, असं ते म्हणाले. आणि लगेच दार उघडून, मी न विचारता, किलोमीटरचा आकडा दाखवू लागले. मी म्हटलं नको. ते म्हणाले, "बघा, ताई. बघून घ्या." मला ते पाहावं लागलं. त्यांच्यासमोर वाकून आकडा वाचताना मला जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी क्वचितच वाटली असेल.

तरी मी चिडून बोललेच. हे आम्हाला सांगायला हवं होतं, डॉक्टरांकडे नेलं असतं, अडीच महिने गेले. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी मान वाकडी न करता, अगदी सरळ विचारलं, "तुमाला दिसत न्हवतं का?"

दिसत होतं. आप्पा एकच गोष्ट जेवताना दोनदा विचारत होते. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. माझ्या मुलाला त्यांनी माझ्या भावाच्या नावाने हाक मारली होती, आणि माझा भाऊ लहानपणीच गेलेला. प्रत्येक वेळी आम्ही वय झालं म्हणालो होतो. मी नाना पेठेत जाऊन पुरावा गोळा केला, पण घरातल्या घरात कधी काही तपासलं नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते वेगळं काही नव्हतं. गाडी चालवायची नाही, हे त्यांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं आणि आप्पा ते संध्याकाळपर्यंत विसरले. शनिवारी ते पुन्हा पोर्चमध्ये आले. मी मिस्त्रींना फोन केला आणि, मला अजून नवल वाटतं, मी त्यांना म्हटलं की तो पार्ट आणखी काही दिवस मिळू देऊ नका.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्त्री त्यांच्या जुन्या स्कूटरवरून सावेडीला येऊ लागले. फोनवर सांगितलेलं साहेबांना पटत नाही, तोंड दिसायला पाहिजे, असं ते म्हणाले. खुर्चीच्या कडेवर बसून ते आप्पांना शोधाचा अहवाल देत. जालन्याला एक गाडी भंगारात निघाली, पण तिचा आधीच कुणी काढून नेला. कोल्हापूरचा एक जण पाठवतो म्हणाला, पण त्याचा आवाज खोटा वाटला. आप्पा सर्व्हेअरच्या गांभीर्याने ऐकत आणि सूचना करत. कुणाच्याही खोट्याला क्षमा न करणारा तो माणूस दोन वर्षं, दर महिन्याला, नवं खोटं घेऊन येत होता, आणि त्यात कधी गावं उलटी-सुलटी होऊ देत नव्हता. मागच्या महिन्यात काय सांगितलं ते त्यांना बरोबर आठवत असे. आप्पांना नसे. तरीही.

आप्पा गेले तेव्हा मिस्त्री आले नाहीत. महिन्याभराने, मी शाळेत असताना, ते गाडी पोर्चमध्ये लावून किल्ली आईकडे देऊन गेले. मी केडगावला गेले तर शेडला कुलूप होतं. टायरवाला म्हणाला, मुलीकडे नेवाशाला गेले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आप्पा असतानाच्या शेवटच्या रविवारी.

आप्पा तेव्हा खूप वाळले होते. दिवसातला बराच वेळ ते खिडकीकडे बघत बसत. मिस्त्री नेहमीसारखे कडेवर बसले आणि सांगू लागले की साहेब, सोलापूरला एकाला सांगून ठेवलंय. आप्पांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

हे पहिल्यांदाच होत होतं. मिस्त्री म्हणाले, "भानुदास. गाडीवाला."

"आपली गाडी आहे?"

"हाय की साहेब. पांढरी."

"चालू आहे का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही, मला सुचलं नाही. मग ते आप्पांकडे वळून म्हणाले, "चालू हाय. पार्ट मिळाला, साहेब. असली मिळाला."

आप्पांनी श्वास सोडला. "मग उद्या मोजणीला वेळेवर पोचू."

"पोचू की. मी सकाळी येतो."

आईने चहा आणला होता, तो तसाच राहिला. मिस्त्री उठले, आप्पांच्या पायाला हात लावला, जे त्यांनी कधी केलं नव्हतं, आणि बाहेर पडले. मी फाटकापर्यंत गेले. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही. त्यांनी दुसरी मारली नाही. हँडल धरून ते तिला तशीच ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले, आणि वळून दिसेनासे झाले.